सायकल स्टँडचा इतिहास

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी दोन दिवस गप्प बसले. सहल, स्नेहसंमेलन, मधल्या सुट्टीतले डबे यांवर आपल्यातले चांगले लिहिणारे लिहितीलच. मी संगणकात डोकं घालून बसणारी. निबंधात मला कधी दहापैकी सहाच्या वर मिळाले नाहीत. पण इतिहासात मिळायचे. कारण आपल्या इतिहासाच्या बाई उत्तर कसं लिहायचं ते फार नेमकं सांगायच्या: आधी पार्श्वभूमी, मग कारणे, मग घटनाक्रम, शेवटी परिणाम. सनावळ्या पाठ असल्या तरी कारण आलं नाही तर बाई अर्धा गुण कापत. तीस वर्षांनी त्याच पद्धतीने हे उत्तर लिहिते आहे. विषय आहे आपल्या शाळेचा सायकल स्टँड.

फाटकातून आत आलं की डाव्या हाताला, पत्र्याच्या शेडखाली. मुलांच्या सायकली एका बाजूला, मुलींच्या दुसऱ्या. पलीकडे शिक्षकांची वाहनं. तेव्हा मला तो फक्त स्टँड वाटायचा. आता वाटतं, ते आपल्या सगळ्यांच्या घरचं जमाखर्चाचं पान होतं. कुणाच्या घरी काय परवडतं, ते तिथे रोज सकाळी ओळीने उभं असायचं.

पार्श्वभूमी

आज आपल्याला सायकल म्हणजे गरिबाचं वाहन वाटतं. ती तशी जन्मली नव्हती. इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये सारख्या चाकांची, साखळीची 'रोव्हर' सायकल बनवली आणि १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. तिथून आजची सायकल सुरू झाली. आपल्याकडे ती विलायतेहून बोटीने आली, आधी साहेबांसाठी, मग वकील-डॉक्टरांसाठी. कारकून, मास्तर, पोस्टमन आणि गवळी यांच्यापर्यंत पोचायला तिला काही दशकं लागली.

ती खऱ्या अर्थाने आवाक्यात आली स्वातंत्र्यानंतर, देशी कारखाने निघाले तेव्हा. मद्रासजवळ टी.आय. सायकल्स १९४९ मध्ये, सोनीपतला ॲटलास १९५१ मध्ये, लुधियान्याला हीरो १९५६ मध्ये. पुढे १९८६ साली हीरोचं नाव जगातला सर्वांत मोठा सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात गेलं.

माझे आजोबा मावळात प्राथमिक शिक्षक होते. त्यांची काळी चोवीस इंची सायकल आमच्या घरी शेवटपर्यंत होती. ते नोकरीला लागल्यावर चार वर्षांनी ती घेतली, असं आजी सांगायची. चार वर्षं ते शाळेत चालत गेले. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, दरवर्षी कर भरून नवा घ्यायचा. रात्री दिवा नसला की पोलीस धरायचे, डबलसीट दिसले तरी धरायचे. आज चारचाकीच्या कागदपत्रांची जेवढी काळजी घेतो तेवढी आजोबा त्या बिल्ल्याची घ्यायचे.

ज्यांना विकत घेणं जमत नव्हतं त्यांच्यासाठी तासाच्या भाड्याची दुकानं होती. आपल्या वेळीही होती. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहायचा, ओळखीचं कुणी असेल तरच सायकल द्यायचा. आपल्यातले निम्मे तरी त्या भाड्याच्या सायकलींवर, नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकले. पाय सीटवरून जमिनीला टेकेपर्यंत थांबायची सोय नव्हती, कारण लहान मुलांची वेगळी सायकल घेणं कुणाला परवडत होतं?

कारणे

आता मुख्य प्रश्न. आपल्यापैकी बहुतेकांचे वडील पिंपरी-चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या कारखान्यांत होते. आजूबाजूला वाहनं बनत होती. मग आपल्या घरांत वाहनं इतकी उशिरा का आली?

पहिलं कारण पगार, हे उघड आहे. पण तेवढंच लिहिलं असतं तर बाईंनी अर्धा गुण कापला असता. दुसरं कारण परवाना.

१९५१ च्या उद्योग कायद्यानुसार कोणी काय बनवायचं आणि किती बनवायचं, हे सरकार ठरवत असे. बजाज ऑटोला दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा परवाना १९५९ मध्ये मिळाला. इटलीच्या पिआज्जो कंपनीच्या सहकार्याने वेस्पा स्कूटर इथे बनू लागली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन 'चेतक' आली. मागणी प्रचंड होती. पण परवान्यात लिहिलेल्या संख्येपेक्षा जास्त माल बनवायला परवानगी लागायची आणि ती सहजी मिळत नसे. ज्या वस्तूसाठी लोक रांगेत उभे आहेत ती जास्त बनवणं हा नियमभंग ठरायचा! माझ्या मुलीला हे सांगितलं तेव्हा मी गंमत करते आहे असं तिला वाटलं.

याचा परिणाम म्हणजे नंबर. स्कूटर बुक करायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. नंबर लागलेल्याने ती जादा पैसे घेऊन दुसऱ्याला विकली तर नवीच्या किमतीपेक्षा जास्त मिळायचे. वाहन वापरून जुनं झालं की किंमत उतरते, हा साधा नियम त्या काळी उलटा चालत होता. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र लवकर मिळायची, म्हणून दुबईतल्या मेहुण्याला घरात मान होता. लग्नाच्या बोलण्यांत स्कूटर येऊन बसली तीही याच टंचाईमुळे.

इंजिनिअर म्हणून मला यातून एक गोष्ट कळली. परवडणं म्हणजे फक्त किंमत नव्हे. थांबायची वर्षं हीसुद्धा किंमतच असते आणि ती सगळ्यांना सारखी पडत नाही. ज्याच्याकडे पैसा किंवा ओळख आहे तो थोडा थांबतो, ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याचं निम्मं आयुष्य वाट पाहण्यात जातं.

घटनाक्रम

१९७२ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी लूना आली. हस्तीमल फिरोदिया आणि त्यांचे चिरंजीव, आयआयटी मुंबई आणि एमआयटीतून शिकून आलेले अरुण फिरोदिया, यांच्या किनेटिक इंजिनिअरिंगने ती आणली. मूळ रचना पिआज्जोच्याच 'चाओ' या मोपेडची. मोपेड हा शब्द मोटर आणि पेडल मिळून झालेला आहे. लूना नेमकी तशीच होती: ५० सीसीचं छोटं इंजिन, गिअर नाहीत, आणि पायडल मारून सुरू करायची. चढावर दम लागला की आपणही पायडल मारून तिला मदत करायची. पेट्रोल संपलं तर सायकलसारखी मारत घरी यायचं. म्हणजे सायकल आणि स्कूटर यांच्यामध्ये जी मोठी पोकळी होती तिच्यात कुणीतरी एक पायरी बसवली होती.

ती वेळेवर आली. १९७३ च्या शेवटी अरब-इस्रायल युद्धानंतर जगात खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. कमी पेट्रोल पिणाऱ्या गाडीला त्यानंतर वेगळी जाहिरात लागली नसती. तरी पुढे पीयूष पांडे यांनी लिहिलेली जाहिरात आपल्या सगळ्यांना तोंडपाठ होतीच.

१९७२ मध्येच निगडीचं प्राधिकरण स्थापन झालं, कामगारांच्या घरांसाठी. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला होता. लोक मिलो खात होते, खडी फोडायच्या कामावर जात होते. आपल्या वर्गातल्या कित्येकांचे आईवडील त्या दुष्काळातून गाव सोडून इकडे कारखान्यांत आले. चेतक, लूना, प्राधिकरण आणि दुष्काळ हे सगळं एकाच वर्षाचं आहे. आपल्या शाळेचा पट कसा भरला हे समजायचं असेल तर एवढ्या चार गोष्टी पुरेत.

पुढचं भराभर सांगते. १९८० मध्ये दोघांना बसता येईल अशी टी.व्ही.एस. ५० आली. ८०च्या दशकाच्या मध्यावर जपानी सहकार्याच्या १०० सीसी मोटारसायकली आल्या, १९८५ ची हीरो होंडा त्यांतलीच. बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली किनेटिक होंडा आली. १९९० मध्ये सनी आली. जुलै १९९१ च्या नव्या औद्योगिक धोरणाने बहुतेक परवाने रद्द केले आणि रांगा संपल्या. नंतर हप्त्यांचा जमाना आला. कायद्याने सोळा वर्षांपासून ५० सीसीपर्यंतची गाडी चालवता येते, त्यामुळे अकरावीत काहींना सनी मिळाली. बाकीच्यांनी त्यांच्या मागे बसायला मिळावं म्हणून मैत्री वाढवली. नावं सांगत नाही.

आमच्या घरचा घटनाक्रम असा. बाबा भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये होते. रोज जाऊन-येऊन अठरा किलोमीटर सायकल. मी जन्मायच्या आधी त्यांनी एक स्कूटर बुक केली होती. नंबर लागला तेव्हा आत्याचं लग्न ठरलं होतं. साठवलेले पैसे तिकडे गेले आणि नंबर सोडून दिला. बाबा याबद्दल कधी बोलले नाहीत. आईने एकदा सांगितलं, तेही मी नोकरीला लागल्यावर.

१९८९ मध्ये बाबांनी ओळखीच्या एकांकडून जुनी लूना घेतली, तीन हजार दोनशेला. पहिले सहा महिने ती बाबांचीच होती. मग आईला निगडीतल्या एका बालवाडीत काम मिळण्यासारखं होतं, पण वेळ अशी की बस जमत नव्हती. आई म्हणाली, "अहो, मला शिकवा ना." बाबा हसले नाहीत, हे मला नीट आठवतंय. रविवारी सकाळी आपल्याच शाळेच्या मैदानावर आई पदर खोचून लूना शिकली. दोनदा पडली. शिपाईमामांनी फाटक आतून लावून घेतलं होतं, म्हणजे बघायला गर्दी नको. तिसऱ्या रविवारी ती मला मागे बसवून घरी आली. सोमवारपासून बाबा पुन्हा सायकलवर गेले, आणि लूना आईची झाली.

घरात दुसरा पगार आला तो त्या लूनामुळे. माझी शिकवणी, पुढे इंजिनिअरिंगची फी, याचा हिशोब मागे मागे नेला तर तो मैदानावरच्या त्या तीन रविवारांपाशी जाऊन थांबतो. मला सायकल मिळाली आठवीत, १९९३ साली, पतपेढीच्या कर्जातून. लाल रंगाची, पुढे बास्केट.

परिणाम

आकड्यांत परिणाम सांगायचा तर २००१ च्या जनगणनेत देशातल्या ११.७ टक्के घरांत स्कूटर, मोपेड किंवा मोटारसायकल होती. २०११ मध्ये २१ टक्के. सायकल मात्र ४३.७ वरून ४४.८ टक्के, म्हणजे जवळपास तिथेच. याचा अर्थ २०११ मध्येसुद्धा निम्म्याहून जास्त घरांत साधी सायकल नव्हती. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला, ३ जूनला, नेमका जागतिक सायकल दिनी. लूना २००० नंतर थांबली आणि २०२४ मध्ये विजेवर चालणारी होऊन परत आली. चेतकही तशीच आली. इथे उत्तर संपवलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते.

पण हे आकडे घरांचे आहेत. घरात वाहन आहे एवढंच ते सांगतात. ते कुणाच्या हातात आहे ते सांगत नाहीत. कमी पैशांच्या घरात वाहन आलं की त्याचा एक क्रम असतो: आधी वडील, मग भाऊ, मग उरलं तर आई, आणि शेवटी मुलगी. माझ्या घरी तो क्रम मोडला म्हणून मी आज इथे लिहिते आहे.

आठवीत माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिचं नाव लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही. गणितात ती माझ्या पुढे होती, हे आपल्या गणिताच्या सरांनाही आठवत असेल. रेल्वेलाईनच्या पलीकडून, रावेतच्या बाजूने चालत यायची. तेव्हा तिकडे सगळी शेतं होती. जायला चार-साडेचार किलोमीटर, यायला तेवढेच. आपली शाळा दुपारची होती. पावणेसहाला सुटायची. दिवाळीनंतर ती घरी पोचेपर्यंत अंधार पडायचा.

माझी सायकल आली त्या आठवड्यात तिने विचारलं, "मला लाईनपर्यंत डबलसीट सोडशील?" मी म्हटलं, "कॅरिअर वाकेल गं. आई ओरडेल." आई ओरडली नसती. सायकल नवी होती, एवढंच. तिने परत विचारलं नाही.

नववीत ती आली नाही. तिच्या मोठ्या भावाला कॉलेजसाठी सायकल घेतल्याचं नंतर कानावर आलं. बाईंनी वर्गात विचारलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बाई, तिच्या घरची परिस्थिती." बाईंनी मान हलवली आणि हजेरीत पुढचं नाव घेतलं. बाईंचा दोष नाही. आपण सगळेच त्या दोन शब्दांवर थांबत होतो. 'कारणे द्या' या प्रश्नाला त्या दिवशी आपण अपुरं उत्तर दिलं होतं.

पुरं उत्तर मला खूप उशिरा मिळालं. आपण सहावीत होतो तेव्हा, १९९१-९२ च्या सुमारास, तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायकांना सायकल शिकवली गेली. शीला राणी चुंकत या तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी जेन्ट्स सायकली चालवल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. पुढे २००६ मध्ये बिहार सरकारने नववीत गेलेल्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं आणि मुलगे-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली होती. शाळा दूर असलेल्या गावांत फरक जास्त होता. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकल मिळते.

तो अभ्यास मी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत वाचला. 'नववी' हा शब्द आला तिथे मी थांबले. एक सायकल असती तर ती शिकलीच असती, असं मी म्हणत नाही. घरात आणखी काय काय होतं मला ठाऊक नाही. पण 'परिस्थिती' ही काही हवा नव्हती. तिच्यातला एक मोठा भाग साडेचार किलोमीटर लांब होता आणि तो मोजता येत होता. आणि रोज त्यातला एक तुकडा कमी करणं माझ्या हातात होतं.

आता शेवटचं, आणि हे आयोजकांसाठी आहे. स्नेहमेळाव्याची यादी आपण दहावीच्या निकालपत्रकावरून केली. मार्च १९९६ ला बसलेले सगळे त्यात आहेत. जे पाचवीत आपल्याबरोबर आले आणि दहावीपर्यंत पोचले नाहीत त्यांची नावं त्यात नाहीत. मी पाचवी 'ब'चा जुना वर्गफोटो काढून मोजलं. एकूण त्रेपन्न जण आहेत. त्यांतले अकरा आपल्या ग्रुपवर नाहीत, आणि त्या अकरांत आठ मुली आहेत. सगळ्यांची कारणं एकच असतील असं नाही. पण जे चालत यायचे त्यांची संख्या त्यात जास्त आहे, एवढं मला फोटोतल्या चेहऱ्यांवरून नक्की सांगता येतं.

ही यादी पाचवीच्या हजेरीपटावरून पुन्हा करूया. शाळेत जुने हजेरीपट आहेत, मी ऑफिसात चौकशी केली आहे. रावेतकडचं काम माझ्याकडे. तिथे आता शेतांच्या जागी टॉवर उभे आहेत, पण जुनी घरं अजून आहेत आणि विचारलं की लोक सांगतात. बाकीची नावं वाटून घ्या. आणि कार्यक्रमाच्या दिवशी ज्यांना यायला साधन नाही त्यांना आणायला आपल्यातल्या कुणीतरी गाडी घेऊन जायचं. आता आपल्या सगळ्यांकडे आहे.

ती सापडली तर तिला आणायला मी जाईन.